चांदीचे नॅनोकण आणि मुगाचे मोड: पाण्यापासून एन्झाइमच्या आकड्यापर्यंत

वनस्पतिशास्त्र किंवा बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला चांदीचे नॅनोकण हा विषय हमखास निघतो. रंग डोळ्यांदेखत बदलतो, मूग पाच दिवसांत हाताशी येतो, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर कॉलेजात असतोच. अडचण येते ती तोंडी परीक्षेत. "हा परिणाम कणांचा कशावरून? विरघळलेल्या चांदीचा कशावरून नाही?" या प्रश्नाचे उत्तर ज्या पेट्रीडिशमध्ये असते, ती डिशच लावलेली नसते, आणि मागाहून ती लावता येत नाही. म्हणून या लेखात तुलनेच्या डिश, म्हणजे कंट्रोल, आणि पाणी यांवर जास्त वेळ घालवला आहे. कण बनवणे हा त्यातला सोपा भाग आहे.

पुढची सगळी मापे मूग, ९ सेंटिमीटरची पेट्रीडिश आणि डिशमागे २० बिया धरून दिली आहेत. गहू घेतला तरी क्रम हाच राहील. सोयाबीन मात्र पेट्रीडिशमध्ये घेऊ नका. त्याचे साल नाजूक असते, बी भराभर पाणी ओढते आणि दले तडकतात. माळव्यातला विषय म्हणून सोयाबीनच हवे असेल तर ते कागदाच्या गुंडाळीत किंवा वाळूत लावा.

१. पाणी: अर्धे प्रयोग इथेच बुडतात

चांदीचे आयन, म्हणजे विरघळलेली चांदी, आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो. एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटला लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून कमी क्लोराइडही पुरते. इंदुरात जलूदहून येणारे नळाचे पाणी, ज्याला घरोघरी आपण नुसते 'नर्मदा' म्हणतो, ते क्लोरीन घातलेले असते. कॉलनीतल्या बोरिंगच्या पाण्यात तर क्षार त्याहून जास्त. आरओचे पाणी पिण्यासाठी ठीक आहे, पण त्यातही क्लोराइड उरते.

काचेच्या संचात दोनदा ऊर्ध्वपातित केलेले किंवा डीआयोनाइज्ड पाणी घ्या. काचेची भांडी साबणाने धुऊन, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून, याच पाण्याने चार वेळा विसळा. हायड्रोक्लोरिक आम्लाने भांडी धुण्याची सवय या प्रयोगापुरती सोडा.

तपासा: स्वच्छ परीक्षानळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात १ टक्का सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब टाका आणि नळी काळ्या कागदासमोर धरा. पाच मिनिटांनी धुरकट पट्टा दिसला तर ते पाणी चालणार नाही. पाण्याचा प्रत्येक नवा कॅन उघडला की ही चाचणी पुन्हा करा.

थांबा: पीएच मीटरचा इलेक्ट्रोड चांदीच्या द्रावणात बुडवू नका. त्याच्या आत पोटॅशियम क्लोराइड भरलेले असते आणि ते थोडे थोडे बाहेर झिरपते. द्रावण बिघडते आणि इलेक्ट्रोडचे तोंडही बुजते. पीएच पाहायचाच असेल तर थोडे द्रावण वेगळे काढून त्यात पाहा आणि ते चांदीच्या कचऱ्यात टाका. पीएच खाली आणायला विरल नायट्रिक आम्ल वापरा.

२. बी निवडणे

छावनीच्या मंडीतून किंवा बियाण्याच्या दुकानातून एकाच लॉटचा एक किलो मूग घ्या आणि सगळा प्रयोग त्याच लॉटवर करा. बी घेताना तीन गोष्टी विचारा. औषध लावलेले नाही ना? गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर बुरशीनाशक लावले आहे असे समजा. पॉलिश केलेले नाही ना? किराणा दुकानातला चकचकीत मूग बहुधा पॉलिशचा असतो. आणि उन्हाळी मूग आहे का? हरदा, नर्मदापुरम पट्ट्यात उन्हाळी मूग काढणीआधी लवकर सुकवायला काही ठिकाणी तणनाशक मारतात. अशा मुगाची मुळे मुळातच आखडलेली निघू शकतात आणि त्याचा दोष चांदीवर जातो.

विकत घेण्याआधी मूठभर बी आणून साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात शंभर दाणे लावून बघा. नव्वदहून कमी उगवले तर दुसरा लॉट घ्या.

निर्जंतुकीकरणासाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइडमध्ये पाच मिनिटे ठेवा आणि नंतर सहा वेळा धुवा. सहाव्या धुण्याच्या पाण्यावर पहिल्या टप्प्यातली सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करा. गढूळ आले तर आणखी धुवा. जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेले असते, ते पूर्ण टाळा. पारा विषारी तर आहेच, शिवाय चांदीसारखाच तो एन्झाइमांच्या गंधकयुक्त गटांना चिकटतो आणि तुमचा निकाल गढूळ करतो.

धुतलेले बी सहा तास ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा. मुगात काही दाणे दगडासारखे राहतात, फुगतच नाहीत. ते वेचून टाका आणि फुगलेले, एकसारखे दाणेच डिशमध्ये घ्या.

३. कण बनवणे

कडुनिंब किंवा तुळशीच्या अर्काने कण बनवायची टूम आहे. एन्झाइमचे काम करायचे असेल तर आमचा सल्ला सायट्रेट पद्धतीचा. पानाच्या अर्कात फिनॉल, शर्करा आणि वाढीवर परिणाम करणारी इतर द्रव्ये असतात. ती सगळी कणांबरोबर डिशमध्ये येतात आणि मग परिणाम पानाचा की चांदीचा हे सांगणे अवघड होते.

१. १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे एक मिलीमोलर झाले. भांड्याला फॉइल गुंडाळा आणि हातमोजे घाला. बोटावर पडलेला डाग काळा होतो आणि आठवडाभर जात नाही.

२. चुंबकी ढवळणीवर उकळी आणा. उकळी पूर्ण येऊ द्या, अर्धवट गरम द्रावणात पुढची पायरी करू नका.

३. १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे २ मिलिलिटर थेंबथेंब घाला. मंद उकळी तासभर चालू ठेवा. वर घड्याळकाच ठेवली की बाष्प कमी उडते.

४. द्रावण आधी फिकट पिवळे, मग हिरवट पिवळे आणि उजेडात आरपार पाहिल्यावर किंचित दुधाळ दिसते. पूर्ण थंड झाल्यावर पाणी घालून बरोबर १०० मिलिलिटर करा. ही पायरी विसरली तर उडालेल्या पाण्याइतकी चांदी घट्ट होते आणि पुढचे सगळे डोस चुकतात.

५. तपकिरी बाटलीत ४ अंशाला ठेवा. गोठवू नका, गोठले की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात.

त्याच वेळी दुसऱ्या भांड्यात सिल्व्हर नायट्रेटशिवाय ९८ मिलिलिटर पाणी आणि २ मिलिलिटर सायट्रेट तासभर उकळून तेही १०० मिलिलिटर करून ठेवा. हा तुमचा सायट्रेट कंट्रोल. त्याच बैठकीत, न उकळलेले एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटही १०० मिलिलिटर बनवून अंधारात ठेवा. हा आयनांचा कंट्रोल.

या पद्धतीने कण एका मापाचे निघत नाहीत. साधारण ३० ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान पसरलेले असतात आणि अधूनमधून काडीसारखेही दिसतात. प्रबंधात हे तसेच लिहावे. "२० नॅनोमीटरचे गोल कण" असे वाक्य दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलले की टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) चित्र ते लगेच खोटे पाडते.

विषयच पानाच्या अर्काचा ठरला असेल तर १० ग्रॅम पाने शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, १०० मिलिलिटर पाण्यात ७० अंशाला वीस मिनिटे ठेवा, गाळा, आणि १० मिलिलिटर अर्क ९० मिलिलिटर एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये घाला. इथे चांदी सायट्रेट पद्धतीसारखी लिटरला १०८ मिलिग्रॅम राहत नाही, ९७ मिलिग्रॅम होते, आणि प्रत्येक डोससोबत तेवढ्याच अर्काची वेगळी डिश लावावी लागते. लिटरला ५० मिलिग्रॅम चांदीच्या डोसात ५.१५ टक्के अर्क असतो, म्हणून कंट्रोल डिशमध्येही बरोबर तेवढाच घ्यायचा.

४. कण खरेच झाले का?

नमुना दहापट विरल करून ३०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये स्कॅन करा. ४०० ते ४५० च्या दरम्यान एकच शिखर हवे. ५५० च्या पुढे दुसरा उंचवटा किंवा लांब शेपूट दिसली तर कण गोळा झाले आहेत. बाटलीच्या तळाशी करडा गाळ दिसला तर ती बॅच वापरू नका, हलवून पुन्हा मिसळल्याने ती नीट होत नाही.

उरलेले आयन तपासायला थोडे द्रावण ३ किलोडाल्टनच्या गाळणीनळीतून सेंट्रिफ्यूज करा आणि गाळलेल्या पाण्यात मिठाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. गढूळ आले म्हणजे बरीच चांदी अजून आयन स्वरूपातच आहे. गाळणीनळी नसेल आणि नुसते सेंट्रिफ्यूज केले, तर दहा नॅनोमीटरच्या खालचे कण वरच्या पाण्यातच राहतात, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करणार असाल तर खंडवा रोडवरच्या विद्यापीठ परिसरात युजीसी-डीएई कन्सोर्शियम आहे. तिथली वेळ बी भिजवायच्या खूप आधी मागून ठेवा. आलेखात चांदीची शिखरे ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांच्या आसपास येतात. २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला शिखरे दिसली तर ते सिल्व्हर क्लोराइड आहे. पानाच्या अर्कातून बनवलेल्या नमुन्यांत हे फार वेळा दिसते, कारण पानातच क्लोराइड असते. पुष्कळ जण त्या शिखरांना "अर्कातील सेंद्रिय पदार्थ" म्हणून मोकळे होतात. तसे करू नका.

५. डोसाचा हिशेब

एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे लिटरला १७० मिलिग्रॅम मीठ, पण त्यात चांदी फक्त १०८ मिलिग्रॅम. डोस नेहमी चांदीत मोजा. "१७० पीपीएम नॅनोकण" असे लिहिलेले दिसले की हिशेब मिठावर केला हे कळते.

वर दिलेल्या पद्धतीत कणांचा साठा आणि आयनांचा साठा दोन्ही १०८ चेच आहेत, म्हणून दोघांना एकच माप लागते. दर दिवशी १० मिलिलिटर बनवण्यासाठी साठा असा घ्या:

५० मिलिग्रॅम प्रति लिटर: ४.६४ मिलिलिटर
२५: २.३२ मिलिलिटर
१०: ०.९३ मिलिलिटर
५: ०.४६ मिलिलिटर
१: ९३ मायक्रोलिटर

बाकी पाणी. विरल द्रावण त्या दिवशीच बनवा आणि त्या दिवशीच संपवा. कण धुऊन, म्हणजे सेंट्रिफ्यूज करून पुन्हा मिसळून वापरणार असाल तर वरचा हिशेब लागू राहत नाही. थोडी चांदी प्रत्येक धुण्यात जाते. मग नमुना फक्त नायट्रिक आम्लात पचवून अणुशोषण यंत्रावर चांदी मोजून घ्यावी लागते. पचवताना अॅक्वा रेजिया घेतले तर त्यातल्या क्लोराइडमुळे आकडा बिघडतो.

६. अकरा डिश

एका फेरीत या अकरा डिश लावायच्या:

१) नुसते पाणी. २ ते ६) कण १, ५, १०, २५ आणि ५० मिलिग्रॅम. ७ ते ९) आयन १, १० आणि ५० मिलिग्रॅम. १०) सायट्रेट कंट्रोल, १० मिलिलिटरमध्ये ४.६४ मिलिलिटर. ११) पोटॅशियम नायट्रेट, लिटरला ४७ मिलिग्रॅम.

अकरावी डिश जवळपास कोणी लावत नाही. न धुतलेल्या कणांच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचा सगळा नायट्रेट तसाच असतो. ५० मिलिग्रॅम चांदीबरोबर ०.४६ मिलीमोलर नायट्रेट डिशमध्ये जातो. नायट्रेट रोपाला खत आहे, आणि काही बियांची सुप्तावस्था मोडायला बीजपरीक्षणात तो मुद्दाम वापरतात. कमी डोसला वाढ दिसली तर ही डिश आधी बघायची.

आयनांची डिश दुसऱ्या कारणानेही लागते. चांदीचा आयन इथिलीनच्या (रोपातल्या वायुरूप संप्रेरकाच्या) ग्राहक प्रथिनात तांब्याची जागा घेतो आणि रोपाला इथिलीनचा संदेश ऐकू येईनासा होतो. इथिलीन मुळांची लांबी आवरते. म्हणून थोड्या चांदीने मूळ लांबलेले दिसले तर त्यामागे कण असतीलच असे नाही, त्यांतून विरघळून सुटलेले आयनही असू शकतात.

७. पेरणी: एका दिवशी एक फेरी

अकरा प्रकार गुणिले पाच आवृत्त्या, म्हणजे पंचावन्न डिश. त्या एकाच दिवशी लावल्या तर काढणीही एकाच दिवशी येते. सकाळी अकराला काढलेला अर्क आणि रात्री आठला काढलेला अर्क यांची तुलना मग होऊ शकत नाही. म्हणून रोज अकरा डिशची एक फेरी लावा, सलग पाच दिवस. काढणीही रोज अकराचीच येईल. सांख्यिकीत याला यादृच्छिक गटरचना म्हणतात आणि दिवसादिवसांतला फरक त्यात वेगळा काढता येतो.

डिशमध्ये व्हॉटमन क्रमांक १ चा एक कागद, २० बिया, ५ मिलिलिटर द्रावण. पाच म्हणजे पाचच. ५० मिलिग्रॅमच्या डिशमध्ये दर बीमागे १२.५ मायक्रोग्रॅम चांदी येते. कोणी "कागद सुकतोय" म्हणून दहा मिलिलिटर ओतले की डोस दुप्पट झाला, जरी लेबलवर ५० च लिहिलेले असले तरी.

झाकणाला पॅराफिल्म लावा, डिशचे वजन करून ठेवा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि २५ अंशाला अंधारात ठेवा. रोज वजन करा. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिलिलिटर साधे ऊर्ध्वपातित पाणी घाला, चांदीचे द्रावण पुन्हा घालू नका. डिशच्या जागा रोज चिठ्ठ्या टाकून बदला.

इन्क्यूबेटर नसेल तर ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च गाठा. जानेवारीच्या रात्री इंदूरच्या प्रयोगशाळेत मूग थंडीने थांबतो, आणि मेच्या दुपारी वीज गेली की डिश पस्तीस अंशांच्या वर जाते.

तपासा: तिसऱ्या दिवशी आयनांच्या डिशमधला कागद पाहा. मुळांच्या भोवती तपकिरी किंवा करडी छटा आली असेल तर तिथे आयनांचे कण होऊ लागले आहेत. मुळांतून बाहेर पडणारी द्रव्ये हे करतात, आणि उजेड त्यात भर घालतो. फॉइल सैल झाली होती का ते बघा आणि दिसले ते नोंदवा.

८. मोजणी

पाचव्या दिवशी काढा. दोन मिलिमीटरहून लांब मूळ आले तर बी उगवले असे धरा. मुगात उगवणीचा टक्का सहसा फारसा हलत नाही, बीचे साल बरीच चांदी बाहेर अडवते. खरा फरक मुळांत दिसतो. पाण्याच्या डिशमधले मूळ पांढरे, लांब आणि टोकाजवळ लव असलेले असते. जास्त डोसात टोक आधी पिवळसर, मग गंजासारखे तपकिरी होते, मूळ आखूड व जाडसर राहते आणि लव जवळपास नाहीशी होते. हे फोटोत नीट यावे म्हणून काळ्या कापडावर रोपे सरळ मांडून, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. लांबी नंतर इमेजजे सॉफ्टवेअरवर मोजा. टेबलावर एकेक रोप पट्टीने मोजत बसलात तर तोवर एन्झाइम बदलतात.

फोटो झाला की मुळे ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा बुडवून काढा, टिपकागदावर टिपा, वजन करा आणि बर्फात ठेवा. प्रत्येक डिशचा वेगळा नमुना. ५० च्या डिशमध्ये मुळे कमी मिळतील. त्या डिशची सगळी मुळे एकत्र करा, पण दोन डिश कधी एकत्र करू नका.

९. एन्झाइम: आधी ही एक परीक्षा

चांदीचे आयन प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना धरतात. म्हणजे मुळांवर चिकटून राहिलेली चांदी कुटताना अर्कात उतरली तर एन्झाइम नळीतच मंदावतो, आणि तुम्ही लिहिता की रोपात तो कमी झाला. म्हणून नमुन्यांना हात लावण्याआधी हे करा.

पाण्याच्या डिशमधल्या मुळांचा अर्क (कृती खाली) तीन भागांत वाटा. एकात पाणी, दुसऱ्यात कण आणि तिसऱ्यात आयन घाला. चांदी अर्कात लिटरला १ मिलिग्रॅम होईल इतकीच. दहा मिनिटे बर्फात ठेवून तिन्हींची क्रिया मोजा. शिवाय एका नळीत अर्क न घालता फक्त कण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवा, कारण चांदीचे कण पेरॉक्साइड स्वतःही फोडतात. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पुढे जा. चांदीच्या नळ्यांत क्रिया घसरली तर अर्क सेफाडेक्स जी-२५ च्या (लहान रेणू प्रथिनांपासून वेगळे करणाऱ्या जेलच्या) छोट्या स्तंभातून काढून मगच मोजा आणि ते पद्धतीत लिहा.

अर्क: ०.५ ग्रॅम मुळे, थंड खलबत्त्यात, ५ मिलिलिटर ५० मिलीमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ७.०, त्यात ०.१ मिलीमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारे द्रव्य) आणि १ टक्का न विरघळणारा पीव्हीपीपी (फिनॉल ओढून घेणारी पूड). मुळे कमी असतील तर बफरही त्याच प्रमाणात कमी करा. बफरचा पीएच दोन पोटॅशियम फॉस्फेट मिसळूनच ७ वर आणा. एक मोलरचे साठे असतील तर ६१.५ भाग डायपोटॅशियम आणि ३८.५ भाग मोनोपोटॅशियम. बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही गंधकयुक्त द्रव्ये घालू नका, ती चांदीला आपल्याकडे ओढून खरा परिणाम झाकतात. सेंट्रिफ्यूज १२,००० जी (गुरुत्वाच्या १२,००० पट) वर वीस मिनिटे, ४ अंश. आरपीएम आणि जी एक नव्हेत. आठ सेंटिमीटरच्या रोटरला १२,००० आरपीएमवर सुमारे १२,९०० जी मिळते, सहाच्या रोटरला ९,७०० सुद्धा नाही.

कॅटालेज (पेरॉक्साइड फोडणारा एन्झाइम). ३० टक्क्यांच्या ताज्या पेरॉक्साइडचे १०२ मायक्रोलिटर बफरने १०० मिलिलिटर करा, म्हणजे १० मिलीमोलर. क्वार्ट्झच्या क्युवेटमध्ये २.९ मिलिलिटर हे आणि ०.१ मिलिलिटर अर्क. २४० नॅनोमीटरला दर दहा सेकंदांनी दोन मिनिटे वाचन घ्या.

तपासा: अर्क घालण्याआधी, बफरशी तुलना करून, वाचन ०.४ च्या आसपास हवे. ०.२ आले तर बाटली जुनी झाली आहे. आकडा दोनच्या वर जाऊन नाचत असेल तर क्युवेट काचेचा किंवा प्लास्टिकचा आहे. तो २४० चा प्रकाश स्वतःच गिळतो.

हिशेब: मिनिटाला ०.०५ इतकी घट आली तर ०.०५ भागिले ०.०३९४, गुणिले ३, म्हणजे ३.८ मायक्रोमोल प्रति मिनिट, ०.१ मिलिलिटर अर्कात. एका मिलिलिटरात ३८, आणि ०.५ ग्रॅमला ५ मिलिलिटर या प्रमाणात ग्रॅममागे ३८० युनिट.

पेरॉक्सिडेज (पेरॉक्साइड वापरून ग्वायकॉलला रंग आणणारा एन्झाइम). २.५ मिलिलिटर बफर, ०.३ मिलिलिटर १०० मिलीमोलर ग्वायकॉल, ०.१ मिलिलिटर अर्क, शेवटी ०.१ मिलिलिटर १५० मिलीमोलर पेरॉक्साइड. ४७० नॅनोमीटर, पहिले एक मिनिट, गुणांक मिलीमोलरला २६.६. मुगाच्या मुळात पेरॉक्सिडेज भरपूर असतो, त्यामुळे अर्क दहा-वीसपट विरल करावा लागतो. विटकरी रंग दहा सेकंदांत गडद झाला तर वाचन वाया गेले. कणांचा पिवळा रंग ४७० लाही थोडा दिसतो, पण आपण दर मिनिटाचा बदल मोजतो, त्यामुळे स्थिर रंग आपोआप वजा होतो. फक्त एका वेळचे वाचन घेणाऱ्या पद्धतीत तसे होत नाही.

अमायलेज (स्टार्च फोडून शर्करा करणारा एन्झाइम). यासाठी वरचा अर्क चालत नाही. ईडीटीए कॅल्शियम पकडतो आणि कॅल्शियमशिवाय अल्फा अमायलेज ढेपाळतो. बीजदलांचा वेगळा अर्क ५० मिलीमोलर सोडियम अॅसिटेट बफरमध्ये, पीएच ५.५, ३ मिलीमोलर कॅल्शियम नायट्रेट घालून करा. पुस्तकातल्या अमायलेज बफरात थोडे मीठ असते. ते प्राण्यांच्या अमायलेजला लागते, वनस्पतींच्या नाही, आणि इथे ते चांदी अवक्षेपित करून टाकते. याच बफरातला १ टक्का स्टार्च ०.५ मिलिलिटर, अर्क ०.५ मिलिलिटर, ३० अंशाला दहा मिनिटे, १ मिलिलिटर डीएनएस (शर्करेशी रंग देणारे द्रावण), उकळत्या पाण्यात पाच मिनिटे, पाणी घालून ५४० ला वाचन. प्रत्येक नमुन्याची शून्य वेळेची नळी हवीच, तिच्यात डीएनएस आधी आणि स्टार्च मागून. मोडांत शर्करा आधीपासून असते. ती वजा केली नाही तर अमायलेज फुगलेला दिसतो.

प्रथिने ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजा आणि क्रिया दोन्ही प्रकारे द्या: ग्रॅम ओल्या वजनामागे आणि मिलिग्रॅम प्रथिनामागे. चांदीने प्रथिनेच घटली तर दुसरा आकडा उगाच वर जातो, आणि फक्त तोच छापला तर वाचक फसतो.

१०. आकडे वाचताना

आवृत्ती म्हणजे डिश, बी नव्हे. शंभर रोपे मोजली म्हणून एन (आवृत्त्यांची संख्या) शंभर होत नाही, तो पाचच राहतो. शंभर धरून काढलेली मानक त्रुटी खोटी बारीक दिसते.

पाण्याशी तुलना डनेट चाचणीने करा. त्याहून महत्त्वाची तुलना कण ५० विरुद्ध आयन ५०, कण १० विरुद्ध आयन १०, कण १ विरुद्ध आयन १. एक भान ठेवा: आयनांच्या डिशमध्ये सगळी चांदी मोकळी असते, कणांच्या डिशमध्ये थोडीच. तेव्हा आयनांचा परिणाम जास्त आला तर कणांना निर्दोष ठरवू नका, एवढेच म्हणा की आयनांवरून परिणाम समजावता येतो. कणांचा परिणाम आयनांहून जास्त आला, आणि सायट्रेट व नायट्रेटच्या डिश पाण्यासारख्याच राहिल्या, तरच "कणांचा स्वतःचा परिणाम" हे शब्द वापरा.

कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज वाढले म्हणजे रोपाला फायदा झाला, हे वाक्य प्रबंधांत सर्रास दिसते. मूळ आखूड झाले आणि पेरॉक्सिडेज चढले, तर रोप ऑक्सिडेशनच्या ताणाशी झगडते आहे. वाढ आणि एन्झाइम एकाच तक्त्यात शेजारी ठेवा म्हणजे ही चूक होत नाही.

११. उरलेली चांदी

काहीही सिंकमध्ये ओतू नका. सगळे द्रव एका लेबल लावलेल्या बाटलीत जमवा, त्यात खाण्याचे मीठ भरपूर घाला आणि आठवडाभर ठेवा. आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन आणि कण गोळा होऊन तळाशी बसतात. गाळ गाळून, सुकवून प्रयोगशाळेच्या धोकादायक कचऱ्यात द्या. कागद आणि मोड वेगळ्या पिशवीत भरून त्याच मार्गाने पाठवा, गच्चीवरच्या कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात नको.

धोका: चांदीच्या द्रावणात अमोनिया कधीही साठवू नका. ते मिश्रण ठेवल्या जागी स्फोटक बनते, आणि सुकलेल्या थराला नुसता धक्का लागला तरी पुरतो.